संगणकाची भूपाळी आणि कुलवृत्तांताचा पोशाख

कार्यारंभी आधी गणेशाचे स्मरण करावे, मग कुलदेवतेचे, मग वडीलधाऱ्यांना नमस्कार करून पाटावर बसावे, हा क्रम आपल्या घरांत कोणी लिहून ठेवलेला नसतो. तरी तो चुकला तर घरातील आजीच्या ते तत्काळ ध्यानी येते. संगणकाला आजी नाही. कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात जे जे घडावयाचे, ते सर्व कोणीतरी कधीतरी ओळीओळीने लिहून ठेवलेले असते आणि यंत्र ते निमूटपणे वाचीत जाते.

आम्ही मराठीचे विद्यार्थी. संगणकशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला छपराच्या गळतीपासून संगणककक्षापर्यंत सर्वच शास्त्रांत थोडेथोडे शिरावे लागते. शिवाय गेल्या काही वर्षांत इंदूरच्या मराठी कुटुंबांतून एकाच प्रकारची विचारणा आमच्याकडे वारंवार होते : "सर, वडिलांनी वीस वर्षांपूर्वी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करून सीडीत ठेवला होता. फाईल उघडते, पण वाचता मात्र येत नाही." यंत्राने जागे कसे व्हावे आणि मजकुराने कपडे कोणते घालावे, हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसतात. पण दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : कोणालाही उघडून वाचता येईल अशी साध्या अक्षरांची फाईल. म्हणून दोहोंचा विचार येथे एकत्र करीत आहोत.

संगणक सुरू करण्यास 'बूट करणे' म्हणतात. त्याचा पादत्राणाशी संबंध आहे, पण दूरचा. उंच बुटाला तो ओढून चढविण्यासाठी चामड्याची पट्टी असते. ती स्वतःच ओढून स्वतःला जमिनीवरून वर उचलणे, अशी एक अशक्य कोटीतील कल्पना इंग्रजीत रूढ आहे. संगणकाची अडचण तशीच असते. आज्ञावली तबकडीवर आहे, पण तबकडी वाचावयाची कशी हे सांगणारीही आज्ञावलीच लागते. मग यातून मार्ग असा काढलेला आहे की, वीज मिळताच प्रक्रियकाने एका ठरलेल्या पत्त्यावरील आज्ञा प्रथम वाचावी. तेथे कारखान्यातच बसविलेली एक छोटी आज्ञावली असते. ती स्मृती, कळफलक, तबकडी जागेवर आहेत ना, हे पाहते आणि तबकडीवरून आपल्याहून थोडी मोठी आज्ञावली उचलून कारभार तिच्या स्वाधीन करते. शेवटी कर्नल नावाची मुख्य यंत्रणा जागी होते. युनिक्सच्या कुळातील संगणकांवर ही कर्नल सर्वप्रथम एकच कार्य सुरू करते. त्याचा क्रमांक १, आणि परंपरेने त्याचे नाव 'इनिट'. पुढे पडद्यावर जे काही चालते, ते बहुतेक सारे या क्रमांक एकच्या लेकरानातवंडांचे. संगणकाच्या पोटातही एक वंशवृक्ष असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

या मूळ पुरुषाला पुढे काय करावयाचे, हे सांगणारी लिखिते म्हणजे आरंभसंहिता. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला. त्या परंपरेत अशा फाईलीला 'आरसी' म्हणत, म्हणजे 'रन कमांड्स', आज्ञा चालवा. पुढे सिस्टिम फाईव्ह या युनिक्समध्ये प्रत्येक सेवेची फाईल वेगळी झाली आणि तिच्या नावातच क्रम गोवला गेला. नावाच्या आरंभी 'एस' असेल तर सेवा सुरू करावयाची, 'के' असेल तर बंद करावयाची, आणि त्यापुढे दोन अंकी संख्या. एस १० आधी, एस ५५ नंतर. आमच्यासारख्याला ही पद्धत चटकन पटते. शाळेचे फाटक उघडणे एस ०५, घंटा एस १०, प्रार्थना एस २०, हजेरी एस ३०. घंटेला दहा आणि फाटकाला चाळीस दिले, तर मुले रस्त्यावर उभी राहून प्रार्थना म्हणतील. संध्याकाळी हेच सारे 'के'च्या क्रमाने मिटवावयाचे. ज्या वाचकांनी १९९० च्या सुमारास डॉसवर काम केले असेल, त्यांना 'ऑटोएक्झेक डॉट बॅट' ही फाईल आठवेल. तीही याच जातीची, मात्र घर लहान म्हणून एकाच खोलीत सर्व संसार.

आम्ही पूर्वी ज्या शाळेत होतो तेथील कक्षात लिनक्सवर चालणारे संगणक होते. एका हौशी शिक्षकाने त्यांच्या आरंभी चारपाच ओळींची संहिता घातली होती. तिच्यामुळे देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक आपोआप तयार होई आणि घड्याळ कक्षातील मुख्य संगणकाशी जुळविले जाई. शिक्षकांची बदली झाली. पुढे मुख्य संगणक जुना होऊन भांडारात गेला, आणि त्यानंतर प्रत्येक यंत्र सकाळी जागे होताना दोनतीन मिनिटे खोळंबू लागले. यंत्रे म्हातारी झाली, असे सर्वांचे मत पडले व नव्या यंत्रांची मागणी वर गेली. अकरावीतील एका मुलीने मात्र ती फाईल नुसती उघडून वाचली. भांडारात पडलेल्या संगणकाची वाट पाहणारी ओळ तिला सापडली. तिने ती पुसली नाही. ओळीच्या आरंभी जाळीसारखे चिन्ह टाकले, म्हणजे यंत्र ती ओळ सोडून पुढे जाते, आणि खाली तारीख घालून हिंदीत लिहिले की, ही ओळ अमुक कारणाने बंद केली आहे. यंत्रे पूर्ववत उठू लागली. मूळ चारपाच ओळींत एक गोष्ट मात्र नव्हती : प्रत्येक ओळ का लिहिली, याचा खुलासा. तो असता तर तीन महिन्यांचा खोळंबा आणि एक मागणीपत्र वाचले असते.

२००५ साली एक गमतीचे वळण आले. सन कंपनीच्या सोलारिस १० या यंत्रणेत आणि ॲपलच्या मॅक ओएस टेन १०.४ मध्ये आरंभीच्या सेवांची माहिती एक्सएमएल नावाच्या भाषेत लिहिण्यास सुरुवात झाली. सोलारिसमध्ये अनुक्रमांक देण्याऐवजी 'ही सेवा अमुक सेवेवर अवलंबून आहे' एवढे सांगावयाचे. क्रम यंत्र स्वतः लावते. विचार उत्तम. परंतु पाच ओळींच्या आज्ञेसाठी पन्नास ओळींचा एक्सएमएल पाहून डोळे शिणतात, हेही खरे. २०१० मध्ये निघालेल्या आणि आज बहुतेक लिनक्सवर असलेल्या 'सिस्टिमडी'ने अवलंबनाचा विचार ठेवला, पण लिहिण्याची रीत पुन्हा साध्या ओळींची केली. आमचे मत सिस्टिमडीच्या बाजूने पडते. आज्ञांची यादी ही यादीच असावी. एक्सएमएलचे खरे माहेर दुसरीकडे आहे : जेथे एकाच्या पोटात दुसरे आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरे येते, अशा दीर्घायुषी मजकुरात. आणि असा मजकूर कुलवृत्तांताइतका दुसरा कोणता?

त्या सीडीतील फाईलीला काय झाले, ते आधी पाहू. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी देवनागरी टंकलेखनासाठी जे फॉन्ट प्रचारात होते, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. आमच्या मध्य प्रदेशात कचेऱ्याकचेऱ्यांतून चालणाऱ्या कृतिदेव फॉन्टचे उदाहरण घेऊ. त्यात 'राम' लिहिले की पडद्यावर राम दिसतो. पण फाईलीत साठविलेली असतात रोमन लिपीतील जे, के आणि ई ही तीन अक्षरे. फॉन्ट आहे तोवर जे म्हणजे र, के म्हणजे काना आणि ई म्हणजे म. फॉन्ट गेला की राम गेला, उरले जे-के-ई. त्यातही ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते म्हणून टाइपरायटरच्या सवयीने साठविलीही आधीच जाते. येथे मजकूर आणि त्याचे रूप यांची अशी गाठ पडलेली असते की, रूप उतरविताच मजकूरच सोलला जातो. होळकरांच्या किंवा पेशव्यांच्या दफ्तरातील मोडी कागद आज घरोघरी कोणास वाचता येत नाहीत, हे खरे. पण मोडी शिकता येते, तिला शिक्षक आहेत, पुस्तके आहेत. फॉन्टच्या चित्रांना व्याकरण नाही.

युनिकोडने ही गाठ सोडविली. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात र चा क्रमांक २३५२, कान्याचा २३६६ आणि म चा २३५०. फॉन्ट कोणताही असो, राम म्हणजे हीच तीन संख्या याच क्रमाने. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेदही फाईलीतच नोंदला जातो, तो फॉन्टच्या मर्जीवर राहत नाही. जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्या आज मिळतात. मूळ फॉन्ट कोणता हे ठाऊक असेल तर बहुतेक मजकूर सुटतो. मात्र अधूनमधून इंग्रजी शब्द असतील तर तेही देवनागरी समजून भरडले जातात, म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडून पाहावी लागते.

अक्षरे सुटली. आता रचनेचा प्रश्न. छापील कुलवृत्तांतात ठळक अक्षरे म्हणजे नाव, कंसातील अंक म्हणजे जन्मसाल, तिरपी अक्षरे म्हणजे पत्नीचे माहेर, हे वाचणारा अनुभवाने ओळखतो. यंत्राला ठळक ते ठळक आणि तिरपे ते तिरपे, एवढेच कळते. १९६९ च्या सुमारास आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा विचार मांडला की, मजकुरात 'येथे ठळक करा' असे न लिहिता 'हे शीर्षक आहे', 'हे नाव आहे' असे लिहावे. शीर्षक कसे दिसावे, हे दुसरीकडे ठरवावे. त्यातून १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले आणि त्याचे सुटसुटीत रूप म्हणून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल जाहीर झाले. खुणांची नावे आपण ठरवावयाची आणि ती मराठीत, देवनागरीत असली तरी चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंदूरकरांस परिचित असलेल्या घराण्याचाच नमुना घेऊ :

<व्यक्ती>
<नाव>मल्हारराव होळकर</नाव>
<जन्म>१६९३</जन्म> <मृत्यू>१७६६</मृत्यू>
<व्यक्ती>
<नाव>खंडेराव</नाव> <मृत्यू>१७५४</मृत्यू>
<पत्नी>अहिल्याबाई</पत्नी>
<व्यक्ती>
<नाव>मालेराव</नाव> <मृत्यू>१७६७</मृत्यू>
</व्यक्ती>
</व्यक्ती>
</व्यक्ती>

डब्यात डबा, त्यात आणखी डबा. उघडलेली प्रत्येक खूण मिटली पाहिजे, आणि जी शेवटी उघडली ती आधी मिटली पाहिजे. सर्वांना पोटात घेणारा बाहेरचा डबा एकच. यात एके ठिकाणी जरी चूक झाली तरी एक्सएमएल वाचणारे यंत्र तेथेच थांबते आणि ओळीचा क्रमांक सांगते. सांभाळून घेत नाही. पुष्कळांना हा जाच वाटतो. आम्हांस तो आवडतो, कारण सांभाळून घेतलेल्या चुका पुढच्या पिढीच्या पदरात पडतात.

डब्यांच्या या रचनेत एक अडचण मात्र मराठी घराण्यांस लगेच जाणवेल. दत्तकाचे काय? तो जन्मला एका डब्यात आणि गेला दुसऱ्या डब्यात. मालेरावांनंतर सेनेचा भार ज्यांच्याकडे आला ते तुकोजीराव मल्हाररावांच्या पोटचे नव्हते; वरील रचनेत त्यांना सरळ जागाच नाही. यावर उपाय असा की, प्रत्येक व्यक्तीस एक क्रमांक द्यावा आणि दुसऱ्या ठिकाणी ती व्यक्ती पुन्हा न लिहिता केवळ तिच्या क्रमांकाचा निर्देश करावा. जन्मघरी मूळ नोंद, दत्तकघरी निर्देश. मुलींच्या बाबतीतही हेच : माहेरच्या वंशात तिची पूर्ण नोंद, सासरच्या कुलवृत्तांतात निर्देश. आपल्या जुन्या छापील कुलवृत्तांतांत 'कन्या दोन' एवढ्यावर ज्या स्त्रियांची बोळवण झाली आहे, त्यांची नावे अजून सांगणारे कोणी असेल तर आजच विचारून घ्यावीत.

आता पोशाख. यासाठी वेगळी फाईल असते, तिला स्टाइलशीट म्हणतात. तिची सोपी भाषा सीएसएस. १९९४ साली हाकोन व्ह्यूम ली यांनी ती सुचविली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिचे पहिले प्रमाण ठरले. एक्सएमएल फाईलीच्या डोक्यावर एक ओळ लिहावयाची की, माझा पोशाख अमुक फाईलीत आहे. पोशाखाच्या फाईलीत खुणेचे नाव, मग महिरपी कंस आणि कंसात तिचे रूप. गुणांची नावे मात्र इंग्रजीच ठेवावी लागतात. नवशिक्याची येथे एकदा हमखास गाळण उडते. आपल्या मराठी खुणांचे रूप ब्राउझरला जन्मतः ठाऊक नसल्याने सारा कुलवृत्तांत एका लांबलचक ओळीत पसरतो, आणि आपले काही बिघडले असे वाटते. बिघडलेले काही नसते. 'व्यक्ती' या खुणेला 'डिस्प्ले ब्लॉक', म्हणजे स्वतंत्र परिच्छेद, एवढे सांगितले की ओळी सुट्या होतात. मग तिलाच डावीकडे थोडा समास द्यावा. व्यक्तीच्या पोटात व्यक्ती असल्यामुळे समास आपोआप साठत जातो : पुत्र पित्याहून आत, नातू त्याहून आत. पिढ्यांचा उतार एकाही अंकाशिवाय डोळ्यांस दिसतो. तीन ओळींत साधणारे हे दृश्य आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्हांस फार संतोष झाला होता.

'नाव' ठळक, 'जन्म' बारीक, 'पत्नी' तिरपी, हे ज्याच्या त्याच्या रुचीप्रमाणे. मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हयात व्यक्तींचे पत्ते व दूरध्वनी पोशाखातून लपविता येतात, परंतु लपविणे म्हणजे काढणे नव्हे. मूळ फाईल उघडणाऱ्यास ते सर्व दिसते. बाहेर द्यावयाच्या प्रतीतून ते खरोखरच वगळावे.

इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूरच्या घरांसाठी आणखी एक सोय मोलाची आहे. आपला देवनागरी मजकूर हिंदीच्या शेजारी नांदतो. एकाच युनिकोड क्रमांकाचे ल आणि श मराठीत एका वळणाचे, हिंदीत दुसऱ्या. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणे सांगितली आहेत. एक्सएमएलमध्ये कोणत्याही खुणेवर 'हा मजकूर मराठी', 'हा हिंदी' अशी भाषेची नोंद करता येते, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात तो ही नोंद पाहून योग्य ते वळण दाखवितो. आजोबांचे मराठी पत्र आणि त्याखालील हिंदी सरकारी हुकूम एकाच पानावर आपापल्या वळणाने उभे राहतात; फाईलीत एका अक्षराचाही फरक करावा लागत नाही.

सीएसएस केवळ वेश देते. माणसांच्या जागा बदलत नाही. अकारविल्हे सूची हवी, माहेरच्या आडनावांची यादी हवी, तर त्यासाठी १९९९ साली निघालेली एक्सएसएलटी ही दुसरी भाषा आहे. ती मजकूर वाचून नव्या क्रमाने मांडून देते. ती शिकण्यास कष्ट आहेत, आणि २०२५ साली क्रोम ब्राउझरच्या निर्मात्यांनी तिचा आधार काढून घेण्याचा मनोदयही जाहीर केला. ब्राउझरबाहेर, आपल्या संगणकावर, ती चालविता येते. आणि उद्या तीही गेली तरी 'नाव', 'जन्म', 'पत्नी' या खुणा जेथल्या तेथे राहतात. मजकूर पुन्हा टाइप करावा लागत नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने याच रीतीने आपला कुलवृत्तांत सोडवावयास घेतला आहे. जुन्या फॉन्टातून अक्षरे काढली, खुणा घातल्या, आणि प्रत्येक व्यक्तीत 'आधार' नावाची एक जास्तीची खूण ठेवली. तिच्यात कागद, ताम्रपट, की नुसते ऐकीव, हे लिहावयाचे. या खुणेने घरात गोड वाद माजविला. मूळ पुरुष अहिल्याबाईंच्या दरबारी इंदूरला आले, असे वडिलांच्या मजकुरात होते. पण अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले आणि राजधानी इंदूरला आली ती १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर. तेव्हा मूळ पुरुष महेश्वरला आले, की इंदूरला पुढे दुसराच कोणी आला? वडिलांचे वाक्य पुसावे, असे धाकट्यांचे म्हणणे. त्याला हात लावू नये, असे थोरल्यांचे. एक्सएमएलमध्ये वाचणाऱ्या माणसासाठी टीप लिहिण्याची सोय असते. यंत्र तिच्याकडे दुर्लक्ष करते आणि छापील प्रतीत ती उमटत नाही. वाक्य ठेवून त्याखाली अशी टीप तारखेसह घालण्यात आली. आता देवासला गेलेल्या शाखेचे काम उरले आहे. तिचे कागद मोडीत आहेत आणि ते वाचून देणारे गृहस्थ दिवाळीनंतर यावयाचे आहेत.